पाण्याची काच

ती यादी अजून माझ्याकडे आहे. एकतीस कलमांची, टाइप केलेली, निळ्या कार्बनची तिसरी प्रत. घड्या पडल्या तिथे फाटत आली आहे. वर मथळा आहे, 'इंधन बचत : रोज पाहावयाच्या गोष्टी', आणि खाली माझी सही. पहिलं कलम भट्टीच्या डोळ्यांवरची झाकणं लावलेली आहेत का हे पाहण्याचं. शेवटचं, प्रयोगशाळेतला पंखा जेवणाच्या सुट्टीत बंद केला का. मला लिहायचं आहे ते एकोणिसाव्या कलमाबद्दल. ते फुटक्या काचेचं आहे.

आमचा कारखाना ठाणे-बेलापूर रस्त्यावर होता. लोणच्याच्या बरण्या आणि सरबताच्या बाटल्या करायचा, सगळ्या बिनरंगी, आरपार दिसणाऱ्या काचेच्या. मी तिथे केमिस्ट म्हणून लागले तेव्हा चौतीस वर्षांची होते. वाळू, सोडा आणि चुनखडी तपासायची, आकडे वहीत भरायचे, असं काम. त्याआधी दहा वर्षं सांगलीत आजारी आईजवळ होते. ती गेली, भाड्याची खोली सोडली आणि जाहिरात पाहून अर्ज केला. वाशीच्या नव्या वसाहतीत एक खोली आणि स्वयंपाकघर मिळालं. इमारतीत सोळा घरं होती, त्यांतल्या पाचांत माणसं राहत. बाकीच्या दारांना कुलपं, आणि कुलपांना गंज. खाडीचा वारा सोळा घरांतून सारखाच फिरायचा.

रविवारी सकाळी मी दिवसभराच्या कामांची यादी करायची. चादरी धुणे, स्टोव्हच्या वाती, सांगलीच्या मावशीला पत्र. दहा वाजेपर्यंत सगळ्यांपुढे बरोबरची खूण झालेली असायची. मग मी आणखी दोन कामं शोधून घालायची.

कारखान्यात ऑफिसच्या बाजूला मी एकटीच बाई. माणसं चांगली होती. पण कँटीनमध्ये मी साहेबांच्या टेबलाशी जाऊन बसले की चाललेलं बोलणं थांबायचं आणि कोणीतरी सभ्यपणे हवेबद्दल काहीतरी काढायचं. आठवड्याभरात माझ्या लक्षात आलं की सगळ्यांची जेवणाची वेळ मी खराब करते आहे. मग डबा प्रयोगशाळेतच उघडायला लागले, तराजूशेजारी.

त्या सुमाराला तेल महागलं. महागलंच, शिवाय वेळेवर मिळेना. भट्टी फर्नेस ऑइलवर चालायची. काळं, दाट, आधी गरम करावं तेव्हा कुठे नळीतून वाहणारं तेल. टँकर उशिरा आला की साहेबांचा चेहरा टँकरच्या रंगाचा व्हायचा, कारण काचेची भट्टी विझवता येत नाही. एकदा पेटवली की ती वर्षानुवर्षं जळत ठेवायची. दिवाळी असो, संप असो, माल खपो न खपो. आतली काच गोठली तर भट्टी फोडूनच काढावी लागते. मुख्य कचेरीचं पत्र आलं, तेल वाचवा. साहेबांनी, म्हणजे कारखान्याच्या मॅनेजरांनी, मला बोलावलं.

"बाई, तुम्हाला याद्या करायची हौस आहे. हे तुम्हीच बघा."

हे काम दुसऱ्या कोणालाही नको होतं, हे मला ठाऊक होतं. मी घेतलं. आठ दिवस वही घेऊन भट्टीभोवती फिरले. भट्टीच्या भिंतीला मुठीएवढी भोकं असतात, त्यांना डोळे म्हणतात. गडद निळी काच डोळ्यांपुढे धरून त्यातून आत पाहायचं. आत सगळं पांढरंफटक आणि स्तब्ध दिसतं आणि वरून ज्वाळ वाहत असते. पाहून झालं की झाकण लावायचं असतं. कोणी लावत नसे. दिवसभर त्या भोकांतून उष्णता बाहेर यायची आणि तिच्यावर लोक चहाची किटली ठेवायचे. अशा गोष्टी टिपत गेले. झाकणं, गळणाऱ्या नळ्या, विटांच्या फटी, गरजेपेक्षा जास्त सोडलेली हवा. भट्टीवरच्या लोकांनी माझं नाव झाकणबाई ठेवलं.

"झाकणबाई आली रे, डोळे मिटा," असं कोणीतरी ओरडायचं आणि झाकणं खटाखट पडायची. मला ते नाव आवडलं होतं. कोणी नाव ठेवावं इतकी मी तिथे आहे, असं वाटायचं.

पण झाकणांनी वाचून वाचून किती तेल वाचणार. खरी बचत दुसरीकडे होती. वाळू वितळायला भयंकर उष्णता लागते. आधी एकदा काच झालेली वस्तू, म्हणजे फुटकी बाटली, त्याहून कमी उष्णतेत वितळते. तिला कारखान्यात कलेट म्हणत. भंगारवाल्यांचे ट्रक कलेट आणून टाकायचे. तेव्हा भट्टीत दहा गाड्या माल ढकलला तर त्यांतल्या दोन कलेटच्या असत. त्या चार केल्या तर तेल वाचेल, वाळूही वाचेल, हे मला कागदावर दिसत होतं. अडचण एकच होती. ट्रकमधून काय येईल याचा नेम नसायचा. बिनरंगी काचेत एखादी रंगीत बाटली गेली की रंग चढतो, कपबशीचा तुकडा गेला तर तो वितळतच नाही, बरणीत खड्यासारखा अडकून राहतो. म्हणजे सगळं निवडणाऱ्यांवर होतं. म्हणून मी निवडणाऱ्यांकडे गेले.

कलेटची शेड अगदी मागे, कुंपणाच्या भिंतीला लागून होती. भिंतीपलीकडे चिखल आणि तिवरं. आठ बायका गोणपाटं टाकून बसलेल्या, हाताला सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेले, समोर काचेचे ढीग. सगळ्या जवळच्या गावांतल्या. शेतं आणि मिठागरं शहरासाठी गेली, मग या ठेकेदाराकडे लागल्या. त्यांची म्होरकी पन्नाशीची होती. बाकीच्या तिला बय म्हणायच्या, मी मावशी म्हणू लागले. ती मला पहिल्या दिवसापासून 'बाय' आणि 'तू' म्हणाली. मी साहेब मंडळींतली आहे, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं असं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही, एवढंच.

तिची निवड मी उभी राहून पाहिली. ती तुकडा डोळ्यांजवळ नेतही नसे. हात लावला की फेकला, बरोबर ढिगात. ढिगांना त्यांची स्वतःची नावं होती. बिनरंगी ती पान्याची काच, म्हणजे पाण्याची. तपकिरी ती चहाची. हिरवी ती शेवाळाची. आणि तोंडाला लावायच्या स्नोच्या डब्या, दिव्यांचे गोळे, ज्यांतून आरपार दिसत नाही, ती दुधाची. पान्याची भट्टीत जायची. चहाची आणि शेवाळाची विकायला. दुधाची कपबशांच्या तुकड्यांबरोबर खड्ड्यात.

"तू जेवतंस कुठं?" तिने तिसऱ्या-चौथ्या दिवशी विचारलं.

"प्रयोगशाळेत."

"कोनासंगं?"

"एकटीच."

"का? तुजा डबा कोन चोरतंय?"

सगळ्या हसल्या. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. मावशी एका पालथ्या लाकडी खोक्यावर बसायची, तिने तिच्याशेजारचं गोणपाट झटकलं. मी भाजी-पोळी खाणारी, त्यांच्या डब्यांत तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. वास सुरुवातीला झेपत नव्हता. पुढे रविवारी घरी जेवताना त्या वासावाचून जेवण अळणी वाटायला लागलं. तसं ते होतंच. मावशीने माझ्या आमटीत बोट बुडवून पाहिलं होतं.

"ही आमटी हाय का तोंड धुवाचा पानी? मीठ नाय घालत?"

"कमीच घालते."

"मिठागरात जल्म गेलेल्या बाईपुढं असा बोलू नको."

तिच्या सासरची मिठागरात मजुरीवर होती. भरतीचं पाणी आत घ्यायचं, बांध घालायचा, मग ऊन आणि वारा. तिने भट्टीच्या धुराड्याकडे हात केला. "मिठाला आमी कदी तेल नाय पाजला. तुमची काच लय पिते."

"म्हणून तर तुमच्याकडे आले. तुमची काच कमी पिते."

"मंग आमचीच घाल सगळी," ती म्हणाली, आणि पुढ्यातला एक तुकडा उचलून माझ्या डब्याच्या झाकणावर ठेवला. "घे, वाढली."

तिच्या निवडीच्या जोरावर मी साहेबांकडे गेले. आठवडाभर तीन गाड्या कलेट करून पाहिली, मग चार. बरण्या स्वच्छ निघाल्या. ज्वाळ कमी करता आली, धुराड्याचा धूर पातळ झाला. प्रयोगशाळेच्या भिंतीवर मी रोजच्या तेलाचा तक्ता लावला होता. त्यावरची रेघ महिनाभर आडवी चालली होती, ती खाली वळली. साहेब दिवसातून एकदा येऊन तिच्याकडे पाहून जायचे. मी तो तक्ता बायकांना दाखवायला शेडमध्ये घेऊन गेले. मावशीने तक्ता उलटा धरला आणि म्हणाली, "चढली की."

मग मुख्य कचेरीची माणसं हे पाहायला येणार असं ठरलं. साहेबांना सगळीकडे पाट्या हव्या होत्या. प्रत्येक विभागात काय करायचं ते रंगवून लावा. मजकूर अर्थातच माझा. कलेटच्या शेडसाठी मी चार ओळी लिहिल्या. पांढरी काच, भट्टीसाठी. तपकिरी काच, वेगळी ठेवा. हिरवी काच, वेगळी ठेवा. कपबशी, पत्रा, दगड, बुचं, फेकून द्या. पेंटरने तेल लावल्यासारख्या चकचकीत अक्षरांत पाटी करून दिली.

बिनरंगी काचेला ऑफिसात पांढरी म्हणत. मागणीपत्रावर पांढरी, आवक वहीत पांढरी, भंगारवाल्याच्या तोंडी पांढरी. मीही वर्षभर तेच लिहीत होते. लिहिताना मला वेगळं काही सुचलंच नाही. रोज दुपारी त्या बायकांत बसून त्यांची नावं ऐकत होते, स्वतःही वापरत होते. पण हातात कागद आला की ऑफिसचा शब्द उतरला. आणि दुधाची काच माझ्या पाटीत कुठेच नव्हती, कारण ऑफिसात तिला नाव नव्हतं.

बायकांतली एक चौथीपर्यंत शिकलेली होती. तिने पाटी वाचून दाखवली. थोड्या वेळाने मावशी आवार ओलांडून आली. मी कागदांचा गठ्ठा घेऊन फाटकाकडे निघाले होते. पाहुणे अर्ध्या तासात यायचे होते.

"बाय, ती पांढरी बी भट्टीत टाकाची?"

"हो मावशी, पांढरीच तर टाकायची."

"सगली?"

"सगळी."

"आजपरत नाय टाकली."

मला वाटलं, ती वाढवलेल्या गाड्यांबद्दल विचारते आहे. "आता टाका. पाटीवर लिहिलं आहे ना," असं म्हणून मी पुढे गेले. ती जरा वेळ तिथेच उभी होती. मी मागे वळून पाहिलं तेव्हा ती लांबून शेडच्या पाटीकडे पाहत होती. तिला वाचता येत नव्हतं.

पाहुणे आले, खूश होऊन गेले. दोनेक दिवसांनी एक ट्रक आला. त्यात बरीचशी स्नोच्या डब्यांची फूट होती, कुठल्यातरी कारखान्याने नाकारलेला माल. एरवी तो सगळा खड्ड्यात गेला असता. बायकांनी पान्याची काच नेहमीसारखी निवडली, आणि पाटीप्रमाणे पांढरीही तिच्यात घातली. चार दिवस.

भट्टीत घातलेला माल बाटली होऊन बाहेर पडायला वेळ लागतो. बुधवारी सकाळी तपासणीच्या टेबलाशी एक कामगार एक बरणी फडक्याने पुसत होता. वाफ धरली असेल म्हणून. पुसून उजेडाकडे धरली, पुन्हा पुसली. मग दुसरी घेतली. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. बरणीत धुकं होतं. काचेच्या आत.

तासाभरात सगळ्या ओळीवरून तशाच बरण्या यायला लागल्या. कलेट पूर्ण बंद केली. आतली काच बदलून निघेपर्यंत नुसता वाळू-सोडा घालून ज्वाळ पूर्ण सोडायची, असं ठरलं. आम्ही दोन महिने थेंबाथेंबाने वाचवलेलं तेल त्या काही दिवसांत जाणार होतं. साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. ठेकेदार आधीच येऊन बसला होता.

"बायकांनी काहीतरी घातलं भट्टीत," साहेब म्हणाले. "दुसरं कारण नाही. वाळू तीच, सोडा तोच."

"म्होरकीला आजच काढतो," ठेकेदार म्हणाला. "हल्ली माज आलाय तिला. ऑफिसवाल्या बाईंबरोबर जेवते." त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी तिथून शेडमध्ये गेले. मावशीला तोवर फाटकाबाहेर काढलं होतं. ढिगाच्या कडेला एक डबीचा तुकडा पडला होता. तो उचलला आणि मान वर केली तर समोर पाटी होती. पांढरी काच, भट्टीसाठी. तो तुकडा पांढरा होता. पांढरा म्हणजे जसं कोणीही म्हणेल तसा पांढरा. आणि तिने विचारलं होतं.

हे मला बुधवारी सकाळी साडेअकराला कळलं. साहेबांच्या खोलीपर्यंत चालत जायला चार मिनिटं लागली असती.

मी प्रयोगशाळेत गेले. तोंडी सांगण्यात काही अर्थ नाही, पुरावा पाहिजे, असं स्वतःला समजावलं. कामांची यादी केली. धुकट बरण्यांचे नमुने घेणे. डबीचा तुकडा वितळवून पाहणे. ट्रकची आवक वही तपासणे. पाटीच्या मजकुराची नक्कल. अहवाल, तीन प्रतींत. प्रत्येक काम आवश्यक होतं, आणि प्रत्येक काम मी फार नीट केलं. त्याला तीन दिवस लागले.

मावशी ते तीन दिवस फाटकाबाहेर बसलेली होती. कंपनीची बस वाशीहून यायची, ती आत वळायला फाटकाशी थांबायची. गुरुवारी सकाळी बस दिसताच ती उठून उभी राहिली. माझी खिडकी तिच्याच बाजूची होती. मी मांडीवरचे कागद पाहत राहिले. शुक्रवारी ती उठली नाही, नुसती पाहत होती. शनिवारी ती रस्त्याकडे पाठ करून बसली होती. काय करत होती ते दिसलं नाही.

बसमधून उतरून तिला एक वाक्य सांगायला काय हरकत होती, हे मी पुढे स्वतःला खूपदा विचारलं. अहवाल पुरा झाला नव्हता, एवढंच उत्तर मिळतं. मला त्या कारखान्यात एकच गोष्ट मिळाली होती, की या बाईचं काम चोख असतं. ती घालवायची तर निदान चोख कागदावर, असं काहीतरी डोक्यात असावं.

शनिवारी दुपारी साहेबांसमोर अहवाल ठेवला. त्यांनी दोन पानं वाचली, चष्मा काढला.

"हे बुधवारी तोंडी सांगितलं असतंत तर?"

"तुम्ही विश्वास ठेवला असता?"

"तुमच्यावर? हो."

ते खरं बोलत होते. मला ते बुधवारीही माहीत होतं.

"तुमच्या फायलीत नोंद करावी लागेल, बाई."

"करा."

त्यांनी माझ्यासमोर ठेकेदाराला बोलावलं आणि म्हाताऱ्या बाईला परत घे म्हणून सांगितलं. मी फाटकाशी गेले. तिथे कोणी नव्हतं. पहारेकरी म्हणाला, "दुपारीच उठून गेली. मुलीकडे जाते म्हणाली, जासईला." पुढच्या आठवड्यात ठेकेदाराने निरोप पाठवला. ती आली नाही. मग त्याच्या पुढच्या रविवारी मी यादीत एकच काम लिहिलं आणि निघाले.

दोन बस बदलून जासईला पोचेपर्यंत ऊन चढलं होतं. मुलीचं घर विचारायला वेळ लागला नाही. ज्या बाईला विचारलं तीच म्हणाली, "ती कंपनीची भट्टी बुडवली ती? त्या पिंपलाच्या अंगाला." तेव्हा मला कळलं की गोष्ट किती लांब आली आहे.

मावशी पडवीत सूप घेऊन तांदूळ निवडत बसली होती. मुलगी आणि मुलीची सासू शेजारी. मला पाहून मावशीने हात थांबवला नाही.

"बस. पानी पी."

पाणी आलं. मी अहवालाची प्रत बरोबर नेली होती. का नेली होती कोण जाणे, त्या घरात ती कोणी वाचणार नव्हतं. पिशवीतून काढली आणि परत आत ठेवली.

"मावशी, चूक माझी होती. मी ऑफिसात लिहून दिलं आहे."

"काय लिवलंस?"

"की पाटी मी चुकीची लिहिली."

"आनि?"

मी पिशवीचे बंद आवळले. तिने सूप खाली ठेवलं.

"मी तुना इचारला व्हता का नाय?"

"विचारलं होतं."

"काय बोल्लीस तू?"

"सगळी टाका म्हणाले."

"जरा मोठ्यान् बोल. ही माजी येहीन. तिना कमी ऐकू येतं."

मी मोठ्याने सांगितलं. मावशीने मला विचारलं होतं, मी सगळी टाका म्हणाले, मावशीची काही चूक नाही. विहीणबाईंनी मान हलवली आणि मुलीकडे पाहिलं. मुलीने पदर तोंडाला लावला. शेजारच्या पडवीत दोघी-तिघी काम सोडून ऐकत होत्या. मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी ऐकलं याची खात्री करून घेतली आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

"आता परत या," मी म्हणाले. "साहेबांनी सांगितलं आहे. पाटी बदलते. तुमच्या शब्दांत लिहिते."

"नाय येनार."

"का? आता तर सगळ्यांना कळलं."

"पाटीची चूक कोनाची बी होते." तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "मना वाटला व्हता, बाय येल, बोलंल. म्हनून बसली मी गेटाव. तीन दिस. तू कंपनीच्या बशीतशी बघतंस, मी बघते. मांडीव कागूद."

तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

"जेवून जा," ती म्हणाली. "इथं तरी एकली नको खाव."

आम्ही जेवलो. तिने माझ्यासाठी वेगळी डाळ करायला लावली होती. तिच्यात मीठ भरपूर होतं आणि ती मला कामाबद्दल विचारत होती. धुकं गेलं का, कलेट चालू झाली का, बाकीच्या सातजणी आहेत का. सातजणी आहेत, असं सांगितल्यावर म्हणाली, "त्यांना नको काढू देव. तेवढा बघ." निघताना तिने कापडात बांधून जाडं मीठ दिलं, दोनेक शेर असेल. मुलीच्या घरच्यांच्या ओळखीतल्या मिठागरातलं.

"मीठ सरला का ये," ती म्हणाली.

सोमवारी मी पाटी पुसून घेतली आणि नवी लिहून दिली. पाण्याची काच, भट्टीसाठी. चहाची आणि शेवाळाची, वेगळी. दुधाची, कपबशीची, फेकून द्या. पेंटरने दोनदा विचारलं की हेच लिहायचं का. चौथी शिकलेल्या बाईने वाचून दाखवलं तेव्हा ती 'पान्याची' असंच वाचत गेली. बाकीच्यांनी माना डोलावल्या. म्होरकी तीच झाली. आवक वहीतही मी बिनरंगी काचेला पाण्याची लिहू लागले आणि काही महिन्यांनी भंगारवाल्यांच्या चिठ्ठ्यांवर तो शब्द आला. कलेट आधी दोन गाड्या, मग तीन, मग पुन्हा चार झाली. तक्त्यावरची रेघ परत खाली आली. साहेबांनी सातजणींना कायम ठेवलं. एवढं मी पाहिलं.

पाटी लागली त्या दुपारी मी डबा घेऊन शेडमध्ये गेले. त्यांनी सरकून जागा दिली. मावशीचं खोकं रिकामं होतं आणि त्याच्यावर कोणी बसलं नव्हतं. त्या हळू आवाजात त्यांच्यात्यांच्यात बोलत होत्या. माझ्याशी बोलायचं झालं की पाटीबद्दल विचारत. मी आठवडाभर गेले. मग एक दिवस वाळूचे नमुने आले म्हणून जमलं नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. कुठे होतीस, असं कोणी विचारलं नाही. तसं विचारणारी तिथे एकच होती. मी पुन्हा तराजूशेजारी जेवायला लागले, आणि एकतिसाव्या कलमाप्रमाणे पंखा बंद ठेवत गेले.

एका माणसाला दोन शेर मीठ पुष्कळ दिवस पुरतं. मी हात सैल सोडून वापरलं, आमटी खारट केली, तरी वर्ष निघालं. संपलं त्या रविवारी यादीत सगळ्यात खाली लिहिलं, जासई. त्या दिवशी चादरी होत्या, वाती होत्या, रेशनची रांग होती. दहाला सगळं आटोपलं. पुढच्या रविवारीही लिहिलं.

त्या वर्षांच्या वह्या परवा कपाट आवरताना हाताला लागल्या. रविवारच्या पानांवर बाकीच्या सगळ्या ओळींपुढे बरोबरची खूण आहे. शेवटची ओळ पानामागून पान तशीच पुढे नेलेली आहे, माझ्या नीट अक्षरात, जासई, जासई. पुढची वही मी उघडून पाहिली नाही.